दोन रिंगा

कोर्टाच्या मागच्या अंगाला, जिथे वकिलांच्या गाड्या आणि मोडक्या खुर्च्या शेजारीशेजारी उभ्या असत, तिथे दोन खोल्यांचं एक ऑफिस होतं. दारावर पाटी होती, पण पाटीवरचं नाव इतकं लांबलचक की ते कोणी पुरतं वाचल्याचं ऐकिवात नाही. काम मात्र एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. तुरुंगातून कोणी सुटणार असला किंवा रजेवर बाहेर येणार असला, की ज्या घराचं त्याने वाटोळं केलं त्या घरी आधी कळवायचं. बस्स. सरकारला जन्मात एकदा शहाणपण सुचलं ते हे, आणि तेही त्याला फार दिवस झेपलं नाही.

कळवायचं काम ज्या बाई करायच्या त्यांना अख्खं कोर्ट मिसकॉलकाकू म्हणायचं. नाव ठेवलं होतं गेटवरच्या शिपायाने. काकूंना त्याचा राग नव्हता. घरी नवराही चेष्टा करायचा, "अगं, मला भाजी आणायला सांगायची तरी तू दोनदा वाजवून कट करतेस. मी काय कोणाचा खून पाडलेला नाही."

त्या दोन रिंगांमागे कारण होतं. काकू नोकरीत नव्या असताना एका बाईला फोन आला, ऑफिसातून बोलतोय, तुमचा पत्ता जरा तपासून घ्यायचाय. बाईने भोळेपणाने नवा पत्ता सांगून टाकला. फोन ऑफिसातून नव्हताच, आत असलेल्या माणसाच्या भावाचा होता. पुढे त्या बाईचं काय झालं ते काकू कोणाला सांगत नसत, विचारलं तर उठून खिडकीपाशी जात. पण तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला. कोर्टाच्या एक्स्चेंजमधून फोन गेला की समोर दर वेळी वेगळाच नंबर उमटायचा, त्यामुळे नंबर ओळखून ठेवण्याचीही सोय नव्हती. म्हणून काकूंनी नोंद असलेल्या एकेका घराला समोर बसवून नियम शिकवला. अनोळखी नंबर उचलायचाच नाही. दोन रिंगा होऊन कट झाला, आणि घोटभर पाणी पिण्याइतक्या वेळाने पुन्हा वाजला, तर ती मी. तोच फोन उचलायचा.

"आणि नुसताच वाजत राहिला तर?" लोक विचारायचे.

"तर ती मी नाही. हात लावायचा नाही."

हा नियम काकूंनी कधी कागदावर उतरवला नाही. कागदावर आलेली गोष्ट कोर्टात संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर पोचते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नियम त्यांच्या बोटात होता आणि त्या माणसांच्या कानात होता, आणि तो तसा असण्यातच त्याची किंमत होती.

फोन उचलला गेला की काकू लगेच बातमी देत नसत. आधी म्हणायच्या, घाबरू नका, खाली बसा. दार लावलंय का? सोबत कोण आहे? मग समोरच्याचं उत्तर येईपर्यंत थांबायच्या. सोबत कोणी नसेल तर शेजारणीला बोलवायला लावायच्या आणि मगच सांगायच्या की तो अमुक दिवशी बाहेर येतोय. पलीकडच्या खोलीत पूर्वी एक धीर देणाऱ्या बाई बसत. बातमी ऐकून ज्यांची पाचावर धारण बसायची त्यांना त्या घरी जाऊन भेटायच्या, चार दिवस कुठे राहायचं ते बघून द्यायच्या. त्यांची जागा आधीच्या एका कपातीत गेली. खुर्ची तेवढी राहिली, आणि तिच्यावर काकू आपली पिशवी ठेवायच्या.

ज्या घरांना काकू फोन करायच्या त्यात एक शिवणवाली होती. एका जिन्याखालच्या बोळकांडीत तिचं दुकान. मशीन, इस्त्रीचं टेबल आणि एक उंच स्टूल मावलं की दुकान भरलं. तिच्या धाकट्या बहिणीला बहिणीच्या नवऱ्यानेच मारलं होतं. साक्ष द्यायला कोणी तयार होईना, तेव्हा शिवणवालीच उभी राहिली आणि जे पाहिलं ते सगळं बोलली. शिक्षा झाली. पोलिस त्याला घेऊन चालले असताना तो तिच्यापाशी क्षणभर थांबला. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. एवढंच म्हणाला, "पोर माझी आहे. न्यायला येईन."

पोर तेव्हा जेमतेम रांगत होती. आता शाळेत जायची, दोन वेण्या घालायची आणि मावशीच्या मशीनखाली पडलेल्या चिंध्यांच्या बाहुल्या करायची. आई आजारपणात गेली आणि बाबा बोटीवर नोकरीला असतात, असं मावशीने तिला सांगितलं होतं. शाळेलाही खरं सांगितलं नव्हतं. काकूंनी एकदा विषय काढून पाहिला होता.

"शाळेत एकदा सांगून ठेव ना मुख्याध्यापिकेला."

"नको काकू. एकाला सांगितलं की वर्गभर होतं. पोर जन्मभर खुन्याची मुलगी म्हणून वावरेल." शिवणवालीने दाताने दोरा तोडला. "तुम्ही आहात ना? तुमचा फोन आला की मी पोरीला उचलते आणि निघते. बॅग भरलेलीच आहे."

बॅग मशीनच्या मागे भिंतीला टेकून उभी असायची. लांबच्या गावी शिवणवालीची आतेबहीण राहत होती. तिच्या घराला फाटक होतं, फाटकाला कुत्रा होता आणि कुत्र्याहून भारी तिचा नवरा होता. याआधी दोनदा तो माणूस रजेवर आला होता. दोन्ही वेळा काकूंनी आधी फोन केला, दोन्ही वेळा मावशी-भाची फाटकाच्या आत जाऊन राहिल्या, आणि तो परत आत गेल्यावरच घरी आल्या. पोरीला ती सुट्टी वाटायची. काकू दुकानात दिसल्या की ती विचारायची, "आजी, आम्ही परत कधी जायचं कुत्र्याकडे?" काकू म्हणायच्या, "देव करो आणि कधीच नको." पोरीला या उत्तराचा भारी राग यायचा.

एवढ्यात वरून पत्र आलं की ऑफिसचं अनुदान या वर्षअखेर संपतंय.

ऑफिसच्या प्रमुख, ज्यांना सगळे बाई म्हणत, त्या काकूंना बरोबर घेऊन खजिन्याच्या इमारतीत गेल्या. बाई शिकलेल्या, नीटनेटक्या आणि मनाने चांगल्या होत्या. त्यांचा दोष एवढाच की समोर साहेब असला की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. हा खजिन्याचा साहेबही काही राक्षस नव्हता. तरुण होता, सभ्य होता, दोघींना बसायला खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. राक्षस असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

"पैसे नाहीत असं नाही," तो म्हणाला. "पैसे आहेत. कुठल्या खिशातले काढायचे एवढाच प्रश्न आहे."

मग त्याने एकेक खिसा उलटा करून दाखवला. गुन्हेगारांकडून वसूल होणाऱ्या दंडाचा एक निधी होता. तो मुळात पीडितांसाठीच काढलेला. पण दंड भरतंय कोण? अर्धे आत आणि अर्धे अपिलात. जे काही थोडंफार जमतं ते कोर्टाच्या छपराच्या दुरुस्तीला आधीच दिलेलं.

"पीडितांचा पैसा छपराला?" काकूंनी विचारलं.

"पीडितही त्याच छपराखाली बसतात ना," साहेब म्हणाला, आणि स्वतःलाच ते बरं वाटलं नसावं, कारण त्याने घाईघाईने पुढचं पान उलटलं.

सर्वसाधारण अर्थसंकल्पातून मागता आलं असतं, पण नव्या पगारांवर बंदी होती. काकूंचा पगार नवा कसा, तर अनुदान संपलं की जागा संपते, आणि संपलेली जागा पुन्हा भरायची म्हणजे ती नवी. काकूंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे मी तीच, खुर्ची तीच, फोन तोच, आणि तरी मी नवी?"

"कागदावर," साहेब म्हणाला.

एखाद्या सेवाभावी संस्थेकडे काम सोपवायचाही एक रस्ता होता. बाईंनी दोन-तीन संस्थांना विचारून पाहिलं होतं. सगळ्यांना पीडितांबद्दल कळवळा होता, भिंतीवर लावायला फलकही द्यायला तयार होत्या. रोज फोनपाशी बसायला माणूस द्यायचा म्हटल्यावर सगळ्यांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या.

उरली एक योजना. आधुनिकीकरणाची. तिच्यात पैसा पडून होता आणि वर्ष संपायच्या आत खर्च झाला नाही तर परत जाणार होता. त्यातून यंत्र घेता येत होतं. तुरुंगाच्या संगणकावर सुटकेचा हुकूम चढला की हे यंत्र आपणहून फोन लावणार, निरोप ऐकवणार आणि कळवले अशी खूण करणार. त्या योजनेत यंत्र बसत होतं, वायरी बसत होत्या, यंत्राला गार ठेवणारं दुसरं यंत्र बसत होतं, उद्घाटनाची पाटीसुद्धा बसत होती. पगार तेवढा बसत नव्हता.

"यंत्र म्हणजे भांडवली खर्च," साहेबाने समजावलं. "माणूस म्हणजे आवर्ती."

"दर महिन्याला जेवतो म्हणून?"

साहेब हसला. बाईंनी टेबलाखालून काकूंच्या पायाला पाय लावला.

परतताना बाई जिन्यातच थांबल्या. "काकू, खरं सांगते. यंत्र मागितलं नाही तर वर्षअखेर दाराला कुलूप. मग कोणीच कोणाला कळवणार नाही. काहीच नसण्यापेक्षा..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही.

"यंत्र कळवेल हो," काकू म्हणाल्या. "पण ऐकून जी बाई हंबरडा फोडेल तिच्याशी बोलेल कोण?"

"त्यात असतं ना, मदत हवी असल्यास एक दाबा."

"आणि एक दाबल्यावर?"

बाई जिना उतरायला लागल्या.

ऑफिसात चांगलं लिहिणाऱ्या एकट्या काकूच, त्यामुळे अर्जही त्यांनाच लिहावा लागला. स्वतःच्या हाताने त्यांनी लिहिलं की यंत्र थकत नाही, रजा घेत नाही, एका वेळी अनेकांना फोन लावू शकतं. लिहिताना वाईट वाटलं, पण त्यात खोटं काही नव्हतं. शेवटी त्यांनी हळूच दोन ओळी घातल्या. सुटकेनंतर पीडिताला धीर देणारा आणखी एक फोन जावा, आणि त्यासाठी माणसाची एक जागा ठेवावी. मंजुरी आली ती पहिल्या ओळीपुरती. धीराचा फोनही यंत्रच करेल, असं वर ठरलं.

आता काकूंनी मनाशी एक ठरवलं. आपण जाणार हे खरं, पण यंत्र असं लावून जायचं की माणसांना आपली उणीव भासू नये. यंत्रवाला आला तेव्हा त्याच्याबरोबर कुठल्या तरी गोड गळ्याच्या बाईचा तयार निरोप होता. काकूंनी तो ऐकला आणि म्हणाल्या, "ही बाई साबण विकायला आलीय असं वाटतं. माझा आवाज घ्या. लोकांच्या ओळखीचा आहे."

बिचाऱ्याने घेतला. काकूंनी घसा साफ करून दोन्ही निरोप रेकॉर्ड केले, एक सुटकेआधीचा, एक नंतरचा. दोन्हींत बातमीच्या आधी ते नेहमीचे प्रश्न घातले.

"इथे थोडं थांबायचं," त्या म्हणाल्या. "सोबत कोण आहे विचारल्यावर. समोरच्याला उत्तर द्यायला वेळ हवा."

"काकू, उत्तर ऐकणार कोण? यंत्राला कान नाहीत."

"ते मला नका सांगू. थांबायचं म्हणजे थांबायचं."

त्याने तिथे जागा सोडली. मग निघताना, हत्यारं पेटीत भरता भरता त्याने विचारलं, "आणखी काही तुमची खास पद्धत असेल तर आत्ताच सांगा. नंतर बदल करायचा म्हणजे पुन्हा वरची मंजुरी."

काकूंनी डोळे मिटून विचार केला. दार, बसणं, सोबत, बातमी, तारीख. आवाज आपला. काही राहिलं नाही. "नाही," त्या म्हणाल्या, "सगळं आलं."

सगळं आलं होतं, दोन रिंगा सोडून. त्या इतक्या अंगवळणी पडल्या होत्या की ती आपली पद्धत आहे हेच काकूंच्या लक्षात येईना. चष्मा कपाळावर असताना माणूस घरभर शोधतो ना, तसं. बाईंना रिंगांचं माहीत होतं, शिपायाला माहीत होतं, अख्ख्या कोर्टाने त्यावर विनोद केले होते. कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

शेवटच्या आठवड्यात काकूंनी नोंदीतल्या सगळ्या घरांना निरोपाचे फोन केले. अर्थातच दोन रिंगा, कट, आणि मग परत. शिवणवालीने उचलला तेव्हा मागे मशीन चालू होती, ती लगेच थांबली.

"घाबरू नकोस, तो नाही सुटत," काकू आधी म्हणाल्या. "मी सुटतेय. माझी नोकरी संपली."

शिवणवालीने हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाली, "मग मला कोण सांगणार?"

"यंत्र सांगेल. पण आवाज माझाच असणार आहे, मुद्दाम माझाच घातलाय. मीच बोलतेय असं समज."

"म्हणजे नेहमीसारखंच ना, काकू?"

"अगदी नेहमीसारखंच," काकू म्हणाल्या.

पलीकडे शिवणवालीचा जीव भांड्यात पडला, तो काकूंना ऐकू आला. त्यांनाही बरं वाटलं. फोन ठेवून त्यांनी पिशवी त्या रिकाम्या खुर्चीवरून उचलली आणि घरी गेल्या.

पुढचे काही महिने काकू घरी होत्या म्हणजे नवऱ्याच्या नाकी नऊ आले होते. त्यांची सगळी कपाटं लावून झाली, पुन्हा उपसून झाली. बाईंचा एकदा फोन आला, यंत्राचं काम उत्तम चाललंय, कळवले अशी खूण प्रत्येक नावापुढे पडते, खजिन्याच्या साहेबाने शाबासकीचं पत्र पाठवलंय. काकूंना आनंद झाला आणि थोडं तोंडात मारल्यासारखंही झालं. इतकी वर्षं आपण घसा सुकवला, तरी प्रत्येक नावापुढे खूण कधी पडली नव्हती. कोणी गावाला गेलेलं असायचं, कोणाचा नंबर बदललेला असायचा. यंत्राला मात्र सगळे सापडत होते. हे कसं, असा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. पडला नाही, कारण मन दुखावलेलं असलं की माणूस हिशोबी विचार करत नाही.

एका दुपारी त्या नवऱ्याच्या दोन पँटी घेऊन शिवणवालीकडे गेल्या. म्हातारपणी नवरा उंचीने आटत चालला होता आणि पँटी जिथल्या तिथे होत्या. शिवणवालीने हसून एक पँट घेतली, स्टूल पुसून दिलं. भाची शाळेत होती, सुटायला अजून वेळ होता. बॅग मशीनच्या मागे तशीच उभी होती.

"बरं झालं आलात," शिवणवाली खडूने खूण करत म्हणाली. "तुम्हाला सांगायचंच होतं. तुम्ही शिकवलेलं मी अजून विसरले नाही बरं का. परवापासून कुठला तरी नंबर छळतोय. वाजतो तो वाजतच राहतो. परवा वाजला, काल दोनदा वाजला. मी ढुंकून पाहिलं नाही. पोर म्हणते, मावशी उचल ना. मी म्हटलं, ही आपली काकू नव्हे. काकू दोन वाजवून कट करते."

काकूंनी दुसऱ्या पँटीची घडी मांडीवर घेतली होती, ती तशीच राहिली.

"बघू फोन."

शिवणवालीने दिला. काकूंनी चष्मा लावला. नंबर लांबलचक होता, राजधानीचा, यंत्रवाल्याने त्या दिवशी यंत्रावर चिकटवला होता तोच. काकूंनी तो दुसऱ्यांदा वाचला, मग उगीच तिसऱ्यांदा, जणू वाचून आकडे बदलणार होते. पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते काय असतं, हे इतकी वर्षं लोकांना बातम्या देऊनही त्यांना कळलं नव्हतं. आता कळलं.

"काकू? काय झालं?"

आधी बस म्हणायचं, दार लाव म्हणायचं, सोबत कोण आहे विचारायचं. काकूंच्या तोंडून यातलं एक अक्षर फुटलं नाही. त्या म्हणाल्या, "अगं, हे यंत्रच आहे. तो सुटलाय. बहुतेक कालच."

शिवणवालीने काकूंच्या हातातून आपला फोन ओढून घेतला. बॅग तिथेच राहिली, दुकान उघडंच राहिलं. ती रस्त्याने धावत सुटली आणि काकू तिच्या मागे, पदर आवरत, छाती भरून आलेली. शाळा दोन गल्ल्यांवर होती. वाटेत काकूंनी पोलिस चौकीला फोन लावला, धावता धावता आपलं नाव सांगितलं, त्याचं नाव सांगितलं. पलीकडच्या माणसाने संगणकात पाहिलं आणि म्हणाला, "बाई, इथे तर कळवले असं दिसतंय. तीन वेळा प्रयत्न, निरोप दिला, कळवले. तरी गाडी पाठवतो."

काकूंना मग त्या शंभर टक्के खुणांचं गुपित कळलं. यंत्र तीनदा वाजवतं, कोणी उचललं नाही की निरोप आपल्याशीच बोलून ठेवतं आणि खूण करून मोकळं होतं. सगळीच घरं काकूंनी शिकवलेली. एकानेही उचलला नसणार.

शाळेचं फाटक बंद होतं. सुटायला अजून अवकाश होता. रखवालदार स्टुलावर बसून होता, नवाच होता, सभ्य होता. शिवणवालीने गजांना धरून पोरीचं नाव सांगितलं.

"ती गेली की मघाशीच," रखवालदार म्हणाला. "तिचे वडील आले होते न्यायला."

"तू सोडलीस कशी?"

"अहो, आधी मी पोरीलाच विचारलं. असं कोणाच्याही हाती देत नाही आम्ही. मी विचारलं, ओळखतेस का? त्यांनी फोटो दाखवला, तिचा आणि आईचा. ती म्हणाली, बाबा बोटीवरून आले." रखवालदार दोघींच्या तोंडाकडे बघायला लागला. "खूश होती हो पोरगी. उड्या मारत गेली. का, काय झालं?"

"कुठल्या बाजूला?" काकूंनी विचारलं.

त्याने हात केला. त्या बाजूला मोठा रस्ता होता, आणि मोठ्या रस्त्यावर सगळीकडे जाणाऱ्या गाड्या होत्या.

शिवणवाली फाटकाला पाठ लावून खाली बसली. ती रडत नव्हती. दोन्ही हात मांडीवर उताणे टाकून ती रस्त्याकडे बघत होती, आणि काकूंना तिच्याकडे बघवत नव्हतं. काकूंना तिला सांगायचं होतं की चूक माझी आहे, मी नेहमीसारखंच म्हणाले आणि ते खोटं निघालं. त्यांना म्हणायचं होतं की गाडी येतेय, सापडेल पोर, कुठे जाणार आहे तो. यातलं पहिलं सांगून उपयोग नव्हता, आणि दुसरं खरं आहे असं त्यांना स्वतःलाच वाटत नव्हतं. असल्या माणसांच्या मागे धावणाऱ्या गाड्या कधी पोचतात ते त्यांनी फार वेळा पाहिलं होतं.

तेवढ्यात शिवणवालीच्या हातातला फोन वाजला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. एक रिंग झाली, दोन झाल्या. तिचा अंगठा हलला नाही. आता कट होईल म्हणून ती वाट बघत होती, आणि तिचे डोळे काकूंच्या हातांकडे गेले, जणू हा फोन काकूच कुठून तरी लावतायत. कट झाला नाही. वाजत राहिला. शेवटी काकूंनीच वाकून तिच्या हातातल्या फोनवर बोट दाबलं आणि तो तिच्या कानाला लावून त्या शेजारी टेकल्या.

आवाज मोठा होता. बाजूला बसलेल्या काकूंनाही स्पष्ट ऐकू आला. त्यांचा स्वतःचा आवाज, घसा साफ करून घेतलेला, मायेचा. हा सुटकेनंतरचा फोन होता, धीर देण्याचा, त्यांनीच अर्जात मागून घेतलेला.

"मी काकू बोलतेय. घाबरू नका. आधी खाली बसा. दार लावलंय का? सोबत कोण आहे?"

मग तो आवाज थांबला. काकूंनी हट्टाने ठेवायला लावलेली जागा आली होती. फोनमध्ये नुसती बारीक खरखर होती. काकू शिवणवालीच्या खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या, त्यांचा हात तिच्या गुडघ्यावर होता, पण तिला ते कळत नव्हतं. तिने फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"कोणी नाही, काकू," ती फोनमध्ये म्हणाली.

पलीकडून काकूंचा आवाज पुढे बोलू लागला.